वस्तीत जंत आणि हत्तीरोगाची जनजागृती करायची आहे, लोकांना नेमकं काय सांगावं?

ताई, तुम्ही समाजकार्याचं शिकताय, नांदेडच्या एका वस्तीत तीन दिवस जाणार आहात. जंत, हत्तीरोग, हिवताप यांबद्दल ‘तिथल्या लोकांना काहीच माहिती नसते’, तर सुरुवात कुठून करू, असा तुमचा प्रश्न आहे. माझी सगळी नोकरी याच शहरात हिवताप-हत्तीरोगाच्या कामात गेली, आता निवृत्त आहे. म्हणून मोकळेपणानं सांगतो.

ते ‘काहीच माहिती नसते’ आधी डोक्यातून काढा. पोरगं झोपेत दात खातंय म्हणजे जंत झालेत, गूळ-साखर जास्त खाल्ली की जंत होतात, वावडिंग दिलं की पडतात, असं घरोघरी मानतात. जंत असतात हे कुणाला पटवावं लागत नाही. ते येतात कुठून, तेवढंच चुकतं. गोल जंताची एक मादी दिवसाला २ लाखांच्या आसपास अंडी घालते. ती शौचातून मातीत पडतात आणि तिथं दोन-तीन आठवडे मुरल्यावरच लागण करण्याजोगी होतात. सगळा घोळ या दोन-तीन आठवड्यांत आहे. आज एक लेकरू नालीकाठी बसलं, पाऊस आला, घाण वाहून गेली, जागा स्वच्छ दिसायला लागली. महिन्याभरानं त्याच मातीत दुसरं लेकरू गोट्या खेळतं आणि त्याच हातानं भाकरी खातं. या दोन गोष्टींचा संबंध आईनं कसा जोडावा? त्यात ‘लहान लेकराची शी घाण नसते’ हा समज शिकल्या-सवरल्या घरांतही आहे, वस्तीला एकट्याला दोष देऊ नका. अंकुशकृमीची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. पोरगी पांढरीफटक पडते, दम लागतो, आणि घरचे म्हणतात हिला खायला नको असतं.

हत्तीरोगाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं मी स्वतः बरंच शिकलो.

आमचं काम रात्रीचं. दहाच्या पुढं काचपट्ट्या आणि सुया घेऊन निघायचं, झोपलेल्या माणसांना उठवून बोटाचा थेंब घ्यायचा. लोक चिडणारच. “दिवसा काय करूलालाव मग?” असं सुनवायचे. पहिली काही वर्षं मी ‘वरून आदेश आहे’ एवढंच म्हणायचो, आणि दारं बंद व्हायची. मग एका रात्री एका म्हाताऱ्या मावशींना नीट सांगून बघितलं. हत्तीरोगाचे मोठे जंत अंगातल्या रसवाहिन्यांत राहतात. त्यांची पिल्लं दिवसा आतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. दिवसा रक्त घेतलं तर काचेवर काहीच दिसत नाही. मावशी म्हणाल्या, “म्हंजी चोराला चोराची येळ ठावं हाय की.” त्या रात्री त्यांनीच पुढं होऊन गल्ली उठवली. नंतर कितीतरी वर्षं मी तेच वाक्य माझं म्हणून वापरलं, हे कबूल करतो.

गोळ्यांचं दुखणं निराळं. २००४ पासून देशातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत जी सामुदायिक औषधोपचार मोहीम चालू झाली, त्यात डीईसी (हत्तीरोगाच्या जंतांवरचं औषध) आणि अल्बेंडाझोल (नेहमीचं जंताचं औषध) घरोघर देतात. वयाप्रमाणे डीईसीच्या एक ते तीन गोळ्या आणि अल्बेंडाझोलची एक. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि अंथरुणाला खिळलेले आजारी सोडून सगळ्यांनी घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. आता गंमत बघा. कागदावर आमचं वाटप जवळपास पूर्ण असायचं. पुढल्या खेपेला गेलो की मागल्या साली दिलेल्या गोळ्या देवाच्या फोटोमागं, कोनाड्यात, बरणीखाली पुडीसकट सापडायच्या. कारण विचारलं की उत्तर सरळ: “मला काय झालंय? ज्याचा पाय सुजलाय त्याला द्या.” त्यांच्या बाजूनं विचार केला तर हे अगदी तर्काला धरून आहे. अंगात जंत असूनही माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, आणि तोवर डास त्याच्याकडून शेजाऱ्याकडे पिल्लं पोहोचवत राहतात. शिवाय ज्याचा पाय जुनाट सुजलाय, त्याची सूज या गोळीनं उतरत नाही. मग गल्लीला दिसतं काय? धडधाकटाला गोळी आणि सुजलेल्याला गुण नाही.

गोळी घेऊन ताप आला, डोकं दुखलं, की झालंच. अख्ख्या गल्लीत बातमी. वास्तविक ताप बहुधा अशांनाच येतो ज्यांच्या रक्तातली पिल्लं मरतायत, आणि दिवस-दोन दिवसांत उतरतो. हे आधी सांगितलं तर लोक म्हणतात, “सायबांनी सांगितलंच होतं.” नंतर सांगितलं तर त्यालाच सारवासारव म्हणतात. आमच्या छापील कागदावर हा मुद्दा सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असायचा. तोही शुद्ध पुस्तकी मराठीत, आणि अर्धी गल्ली दखनी बोलणारी, चार घरं तेलुगू.

सुजलेल्या पायाच्या माणसाला मात्र विसरू नका. त्याला रोज साबण-पाण्यानं पाय धुवायला, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला, बसताना पाय वर ठेवायला शिकवलं तर वारंवार येणारा ताप आणि ठणका खरोखर कमी होतो. पुरुषांची अंडवृद्धी तर शस्त्रक्रियेनं बरी होते, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. पण ते दुखणं कुणी बोलून दाखवत नाही, आणि तुमच्याजवळ तर नाहीच बोलणार. सोबत एखादा वयस्कर पुरुष कार्यकर्ता ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, जनजागृतीनं रोग जातो तरी का. माझ्या आजीच्या पोटरीवर नारूचा व्रण होता. गावच्या बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायचं; पायातून जंत बाहेर आलेला माणूस त्याच पाण्यात पाय बुडवणार, त्या पाण्यातल्या सूक्ष्म किड्यात नारूची अळी वाढणार, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभरानं हातभर लांब जंत निघणार. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला की पाय पिकायचा. नारूवर ना लस होती ना तो बरा करणारं औषध. तरी १९९६ च्या जुलैत देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी फडक्यानं गाळलं, बारवेत उतरणं थांबवलं, हातपंप आले, रुग्ण शोधून त्याला पाण्यापासून लांब ठेवलं. नारू डोळ्यांना दिसायचा, हे मला यातलं मोठं कारण वाटतं. पायातून बाहेर येणारा जंत बघितल्यावर भाषण लागत नाही.

म्हणून तुमच्या तीन दिवसांसाठी माझा सल्ला: प्रभातफेरी आणि पथनाट्य जमलं तर करा, नाही जमलं तरी काही बिघडत नाही. एक पांढऱ्या काचेची रुंद तोंडाची बरणी घेऊन जा. वस्तीतल्याच नालीतलं किंवा उघड्या बॅरलमधलं पाणी त्यात घ्या, वळवळणाऱ्या अळ्या दाखवा. लोक म्हणतील, हे तर पाण्यातले किडे, लहानपणापासून बघतो. वाद घालू नका. तोंडाला फडकं बांधून बरणी एखाद्या ओट्यावर ठेवून द्या, पोरांना राखण सांगा. दोन-तीन दिवसांत, नाहीतर आठवड्याच्या आत, त्या किड्यांचे डास होऊन फडक्याला आतून चिकटलेले दिसतील. पाण्यातला किडा म्हणजेच डास, हे कितीतरी मोठ्या माणसांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं. हत्तीरोगाचा डास नालीच्या आणि सेफ्टी टँकच्या घाण पाण्यात वाढतो, शहरातला हिवतापाचा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. दोन्ही बरण्या शेजारी ठेवता आल्या तर उत्तमच. (डेंग्यूचा डासही स्वच्छ पाण्यातलाच, पण तो रोग विषाणूचा. तुमच्या अहवालात त्याला परजीवीत घालू नका, मार्क जातील.)

आणि एक चूक करू नका, जी मी केली. ‘आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा,’ असं मी एका बाईला सांगितलं होतं. तिच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बाईला बॅरल ओतून दे म्हणणारा मी कोण? तिनं उत्तर दिलं नाही, फक्त बघितलं. त्यानंतर मी एवढंच सांगायला लागलो: बॅरलला जुन्या साडीचं दुपदरी फडकं घट्ट बांधा, पाणी संपत आलं की तळचं दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या आणि बॅरल आतून घासा, कारण काही डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. हे बाया करतात, कारण यात पाणी वाया जात नाही.

जंताच्या गोळ्यांबद्दलही असंच. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून आहे, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला, १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी. दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी चुरून, बाकीच्यांना पूर्ण, चावून. पण फेब्रुवारीत या वस्त्यांतली कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, पोरं आईबापासोबत फडात. कोणती घरं कुलूपबंद आहेत त्याची यादी करा आणि ती तिथल्या आशाताईंच्या हातात द्या. तीन दिवसांत तुमच्या हातून एवढं झालं तरी माझ्या मते पुष्कळ झालं.

संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा बाया धुण्याभांड्याला गेलेल्या असतात आणि तुम्हाला फक्त पोरं भेटतील. पाणी दिलं तर प्या. न पिता उठलात तर पुढचं बोलणं कुणी ऐकणार नाही. आणि बरणीला बांधायचं फडकं घरूनच न्या. तिथं मागितलंत तर एखादी बाई लगेच आपली बरी ओढणी फाडून देईल.