एका कानाचा आवाज कमी असलेला जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घ्यावा का?

आपण कऱ्हाडहून विचारले आहे की, जपानमधून आलेला पाच पिनांचा जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणि त्याचा १०० व्होल्टचा ॲम्प्लिफायर विक्रीस आहे, उजव्या कानात आवाज कमी येतो आणि विकणारा म्हणतो की बायस, म्हणजे हेडफोनच्या आतल्या पडद्याला सतत दिले जाणारे उच्च व्होल्टेज, ५८० ऐवजी ३९० व्होल्टच दाखवतो. तर तो घ्यावा का, सातारा-सांगलीकडे दुरुस्त होईल का आणि आपल्या विजेवर कसा चालवावा. त्यातला ३९० हा आकडा वाचला आणि मला लिहिल्याशिवाय राहवले नाही. तो आकडा बहुधा दोष नाहीच. तो दोष मानल्यामुळे माझा एक कान, म्हणजे हेडफोनचा डावा कान, कायमचा गेला.

माझा संचही ५८० व्होल्टचाच आहे. तो मी तंबोऱ्यासाठी घेतला. माझे लहानपण मिरजेच्या सतारमेकर गल्लीजवळ गेले. घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, कशी उघडते, हे मी कारागिरांच्या शेजारी बसून ऐकलेले आहे, आणि ती जवारी पुढे मला कोणत्याच स्पीकरवर पुरती सापडली नाही. या हेडफोनवर ती सापडली, कारण दोन जाळ्यांच्या मध्ये ताणलेला एक-दोन मायक्रॉनचा विद्युतभारित पडदा इतका हलका असतो की तारेचे बारीकसे थरथरणेही त्याला जड जात नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले. घर वाचले, पण पुढे कित्येक आठवडे भिंतींची ओल हटली नाही, आणि कपाटात ठेवलेला हेडफोन बाहेर काढला तेव्हा उजवा कान मंद झाला होता. मी घरातल्या पिवळ्या स्वस्त मीटरने सॉकेटवरचा बायस मोजला, तर तो जेमतेम १०२ व्होल्ट भरला. वीज खात्यात आयुष्य घालवलेले माझे थोरले मेव्हणे म्हणाले की, तो मीटर फेकून द्या आणि जाणत्या माणसाकडे जा. सांगलीतील एका दुरुस्तीकाराने चांगल्या मीटरने मोजले, तर ३९५ आले. दोघांचेही एकमत झाले की बायसचे सर्किट कमजोर झाले आहे. त्याने कपॅसिटर बदलले, डायोड बदलले, आकडा हलला नाही. दोन महिन्यांनी त्याने सर्किटला व्होल्टेज वाढवणारे आणखी टप्पे जोडून मीटरवर बरोबर ५८० आणून दाखवले, साडेचार हजार रुपये घेतले आणि मी समाधानाने घरी आलो. त्याच रात्री डाव्या कानात चट् चट् असा आवाज झाला आणि तो कान बंद पडला.

दोन मीटर, एकच जागा, आणि आकडे १०२ व ३९५. हा फरक मी पहिल्याच दिवशी तपासायला हवा होता. तो कान गेल्यावर तपासला. पिवळ्या मीटरचा अंतर्गत रोध १ मेगाओहम असतो, चांगल्या डिजिटल मीटरचा १० मेगाओहम. बायसच्या वाटेत सुरक्षेसाठी मुद्दाम मोठा रोध बसवलेला असतो, त्यामुळे मीटर लावताच त्याच्यातून वाहणारा इवलासा प्रवाहसुद्धा व्होल्टेज खाली ओढतो. दोन आकड्यांवरून दोन समीकरणे मांडली आणि उत्तर आले: मधला रोध ४.७ मेगाओहम, मूळ व्होल्टेज ५८०. म्हणजे बायस पहिल्यापासून निर्दोष होता आणि दोन्ही मीटर आपापल्या जागी खरे बोलत होते. दुरुस्तीकाराने मीटरवर ५८० आणले तेव्हा पडद्यावर प्रत्यक्षात साडेआठशेहून अधिक व्होल्ट चढले होते. पडदा आणि जाळी यांच्यातील अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास; इतक्या ताणाने पडदा जाळीकडे ओढला गेला की ठिणगी पडू शकते.

मेव्हणे आजही म्हणतात की पडदा जुनाच होता, कधीतरी जाणारच होता. मला हे मान्य नाही. टप्पे काढून टाकून सर्किट पूर्ववत केले, हेडफोन हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह आठवडाभर ठेवला आणि नंतर दोन दिवस मंद आवाजात चालू ठेवला. तेव्हा आधी मंद असलेला उजवा कान पूर्ण आवाजात परतला. ओल धरल्यामुळे पडद्यावरचा भार गळत होता, एवढाच मूळ आजार होता. ज्या कारणाने मीटरचा आकडा पडतो त्याच कारणाने ओलसर कानाचा आवाज पडतो: भार इतका थोडा आणि रोध इतका मोठा असतो की जराशी गळतीही पुरते. ही एक गोष्ट ज्याला कळत नाही, त्याच्या हाती हे यंत्र देऊ नये, मग त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो.

आता आपला व्यवहार. विकणाऱ्याला विचारा की ३९० कोणत्या मीटरने मोजले. १० मेगाओहमचा मीटर असेल तर बायस बहुधा ठीक आहे. मग ॲम्प्लिफायरला येणाऱ्या डाव्या-उजव्या तारा आपसांत बदलून ऐका. मंदपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष आधीच्या उपकरणात आहे. त्याच कानात राहिला तर ॲम्प्लिफायर किंवा हेडफोन, आणि त्यांतला कोण हे दुसरा हेडफोन लावल्याशिवाय ठरत नाही. कप दाबल्यावर पडदा सरकल्याचा हलका आवाज होतो, तो दोष नव्हे. आतला फोम पिठासारखा झडत असेल तर मात्र भाव पाडून घ्या, कारण ती पूड पडद्यापर्यंत जाते. मी माझ्या डाव्या कानासाठी सुट्या भागांचा म्हणून दुसरा संच घेतला, त्यात नेमकी तीच पूड होती.

इकडे ॲम्प्लिफायर, वायर, प्लगचे जोड आणि कानाच्या गाद्या यांची कामे होतात; पडद्याचे काम होत नाही आणि कोणी करतो म्हणाला तरी देऊ नये.

विजेसाठी बाजारातला २३० ते ११० व्होल्टचा तयार ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. आपल्याकडे रात्री वीज २४५ पर्यंत चढते, तेव्हा त्यातून ११७ व्होल्ट बाहेर येतात आणि १०० व्होल्टचे यंत्र रोज सतरा टक्के जास्त सोसते. कुपवाड एमआयडीसीतील एका वाइंडिंग करणाऱ्याकडून मी २४० ते १०० असा, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला, आणि तो आजतागायत गरमसुद्धा होत नाही. काही ॲम्प्लिफायरच्या आतच व्होल्टेज बदलण्याची सोय असते. ती असेल तर बाहेरचा ट्रान्सफॉर्मर लागणारच नाही.

राहिलेल्या दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बायसच्या वाटेत मोठा रोध आहे म्हणून त्याचा धक्का सौम्य असतो, पण ॲम्प्लिफायरच्या आतील मुख्य पुरवठा कित्येकशे व्होल्टचा असतो आणि तिथे असा रोध नसतो. वीज काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. झाकण उघडणे हे सवय असलेल्या माणसाचेच काम आहे. दुसरे असे की असे हेडफोन बनवणाऱ्या स्टॅक्स या जपानी कंपनीच्या जुन्या पिढीचे हेडफोन सहा पिनांचे व २३० व्होल्ट बायसचे असतात, आणि त्या २३० चा आपल्या घरच्या विजेशी काही संबंध नाही. पाच पिनांचा प्लग त्यांच्या सॉकेटमध्ये बसतो, फक्त आवाज कमी येतो. सहा पिनांचा प्लग ५८० च्या सॉकेटमध्ये बसू नये म्हणून तिथले मधले छिद्र मुद्दाम ठेवलेले नाही. ते कोणाला पाडू देऊ नका.

संच हाती आल्यावर शक्य झाल्यास १ आणि १० मेगाओहमच्या दोन मीटरांनी बायस मोजून दोन्ही आकडे इथे लिहा. मी आपल्या यंत्रातील रोध आणि खरे व्होल्टेज काढून देईन.