डी४ खेळायला लागल्यावर कोणते गॅम्बिट शिकावेत, आणि दहाव्या चालीनंतर करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बुद्धिबळात पांढऱ्याने बरीच वर्षं पहिली चाल ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) खेळून आता डी४ (वजिरासमोरचं प्यादं) सुरू केलंय, डाव रटाळ होतात, दहा चाली झाल्या की पुढे काही सुचत नाही, मग एखादा जोरदार गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन बदल्यात हल्ला किंवा दाब मिळवायची पद्धत, शिकून घ्यावा का. मीही ई४ सोडूनच डी४ वर आले आणि आता पांढऱ्याने दुसरं काही खेळतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पट मांडून वाचा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे क्वीन्स गॅम्बिट, १. डी४ डी५ २. सी४, याच्या नावात गॅम्बिट असलं तरी यात तुमचं प्यादं जात नाही. काळ्याने सी४ चं प्यादं मारलं तर मारू दे, ते त्याला धरून ठेवता येत नाही. समजा तुम्ही ३. ई३ खेळलात आणि तो हट्टाने बी५ खेळला. आता ४. ए४, तो सी६ ने आधार देतो, तुम्ही ए-प्याद्याने बी५ वर मारता, तो सी-प्याद्याने परत मारतो, आणि ६. वजीर एफ३. बघा पटावर, एफ३ पासून ए८ पर्यंतचा तिरका रस्ता पूर्ण मोकळा झालाय आणि टोकाला हत्ती उभा आहे. वाचवायला घोडा नाहीतर उंट मध्ये घालावा लागतो आणि तो फुकट जातो. ग्रेको या जुन्या इटालियन खेळाडूने सतराव्या शतकातच हे दाखवून ठेवलंय तरी ऑनलाइन अजून रोज कोणी ना कोणी यात सापडतं. शहाणा काळा अर्थात बी५ खेळत नाही, तो ३. ई३ वर लगेच ई५ खेळतो, मग उंटाने सी४ परत घेतल्यावर डी४ ला प्याद्यांची मारामारी होते आणि तुमच्याकडे डी४ वर एकटं प्यादं उरतं, ज्याला आयसोलेटेड पॉन म्हणतात. त्याला घाबरू नका. मोहरी पटावर भरपूर असेपर्यंत ते प्यादं तुमची ताकद आहे कारण ई५ चं घर घोड्याला मिळतं, लाइनी मोकळ्या असतात आणि योग्य वेळी डी५ ढकलून सगळं फोडता येतं. मोहरी कमी होत गेली की मात्र तेच प्यादं ओझं होतं, म्हणून तिथे उगाच अदलाबदल करत बसायचं नाही.

दुसरं, सी४ खेळायच्या आधी घोडा सी३ ला काढायची सवय असेल तर ती सोडा. ई४ वरून येणाऱ्या बहुतेकांची ही सवय असते. सी-प्यादं घोड्यामागे अडकलं की डी५ वर दाबच येत नाही, आणि तो दाब नसेल तर डाव रटाळ होणारच, त्यात डी४ चा काही दोष नाही.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते, दहावी चाल. डी४ मध्ये प्लॅन मोहऱ्यांवरून सुचत नाही, प्याद्यांकडे बघून सुचतो. क्वीन्स गॅम्बिटचं एक्सचेंज व्हेरिएशन घ्या: १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी-प्याद्याने डी५ वर मारा, तो ई-प्याद्याने परत घेतो, मग उंट जी५, ई३, उंट डी३, वजीर सी२, घोडा एफ३, कॅसलिंग. इथे थांबा आणि फक्त प्यादी मोजा. वजिराच्या बाजूला तुमची दोन, ए आणि बी. काळ्याची तीन, ए, बी आणि सी. साधा विचार म्हणतो की जिथे आपण कमी आहोत तिथे गप्प बसावं, पण इथे नेमकं उलटं करायचं असतं! ए१ चा हत्ती बी१ ला आणा, बी४ खेळा, मग बी५. काळ्याने सी६ ला आणलेलं प्यादं तिथेच ठेवलं तर तुम्ही सी६ वर मारता, तो बी-प्याद्याने परत घेतो, आणि आता सी६ चं ते प्यादं मागे राहिलेलं, आजूबाजूला एकही मदतनीस नाही आणि समोर सी-फाइल, म्हणजे सी चा उभा रस्ता, तुमच्या हत्तींसाठी उघडी. त्या एका प्याद्यावर तुम्ही वीस चाली दाब देऊ शकता. याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. काळा त्या वेळात काय करतो तर ई४ ला घोडा बसवतो आणि तुमच्या राजाकडे निघतो, म्हणजे डाव शर्यतीचा होतो, रटाळ अजिबात नाही. बी५ ची घाई करायची नाही, आधी त्याचे राजाकडचे घोडे कुठे चाललेत ते बघायचं. आणि ए५ खेळून त्याने बी४ अडवलं तर ए३ खेळून मग बी४.

याच लाइनमध्ये एक सापळा आहे तो मात्र पाठच करा. ४. उंट जी५ आधी खेळलात आणि काळा बी८ चा घोडा डी७ ला आणून बसला, मग सी-प्याद्याने डी५ मारलं, ई-प्याद्याने परत घेतलं, आणि आता वाटतं की एफ६ चा घोडा वजिरामुळे बांधलेला आहे (हलला तर मागचा वजीर जाईल), डी५ चं प्यादं फुकट आहे. तुम्ही घोड्याने डी५ मारलं की तो एफ६ च्या घोड्याने तुमचा घोडा मारतो, तुम्ही उंटाने डी८ चा वजीर घेता, आणि उंट बी४ शह! मध्ये घालायला वजिराशिवाय काही नाही. हिशोब केला तर एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा गेला.

रटाळपणावरून अजून एक. १९२७ साली ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदाचे ३४ डाव झाले आणि त्यातले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड होते, म्हणजे काळ्याने सी४ चं प्यादं न मारता खेळलेले. हे ऐकून कंटाळा येत असेल तर १९७२ च्या रेकयाविकच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला फिशर-स्पास्की सहावा डाव लावून बघा. फिशर आयुष्यभर ई४ वाला, त्या दिवशी सी४ ने सुरुवात करून तीन चालींत क्वीन्स गॅम्बिटमध्ये शिरला, विसाव्या चालीला ई४ ने मधलं फोडलं आणि शेवटी समोर हरलेल्या स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या. ई४ सोडून आलेल्या प्रत्येकाने हा डाव हळूहळू, एकेक चाल थांबून बघावा असं मला मनापासून वाटतं.

आता खरे गॅम्बिट. माझी कसोटी एकच आहे: समोरचा सापळ्यात पडला नाही तर दिलेल्या प्याद्याच्या बदल्यात माझ्याकडे काय उरतं?

ब्लॅकमार-डीमर, म्हणजे १. डी४ डी५ २. ई४, त्याने मारलं की घोडा सी३, घोडा एफ६, मग एफ३. त्याने परत मारलं आणि तुम्ही घोड्याने घेतलंत की एफ-फाइल उघडी, मोहरी झटपट बाहेर, ई४ वाल्याला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, खेळा, मजा येते, हल्ला कसा रचायचा तेही शिकता येतं. पण काळ्याने शांतपणे सी६ नाहीतर जी६ खेळून कॅसलिंग केलं तर पंचवीसाव्या चालीला तुमच्याकडे एक प्यादं कमी आणि हल्ला संपलेला. लांबच्या डावांत मी यावर अवलंबून राहणार नाही.

तुमच्याविरुद्ध येणारे गॅम्बिट त्याहून महत्त्वाचे, कारण डी४ खेळलात की हे येणारच. एंग्लुंड (१. डी४ ई५) पाच मिनिटांत शिकून टाका: तुम्ही मारलं, घोडा सी६, घोडा एफ३, वजीर ई७, उंट एफ४, वजीर बी४ शह, उंट डी२, वजिराने बी२ मारलं. इथे फक्त घोडा सी३. उंट सी३ खेळलात तर उंट बी४ येतो आणि पुढे सी१ ला मात. घोडा सी३ नंतर काळ्याकडे काहीही उरत नाही, म्हणून माझ्या कसोटीत हा सगळ्यात खाली. अल्बिन (१. डी४ डी५ २. सी४ ई५) मध्ये तुम्ही मारल्यावर तो डी४ पुढे ढकलतो, तिथे ई३ ने लगेच फोडायला जाऊ नका, त्यात लास्करचा सापळा आहे ज्यात काळं प्यादं जी१ ला पोचून वजीर न होता घोडा होतं आणि तुमचा वजीर जातो. साधं घोडा एफ३ खेळा.

आणि बुडापेस्ट. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५, तुम्ही मारलं, घोडा जी४, उंट एफ४, घोडा सी६, घोडा एफ३, उंट बी४ शह, बी-घोडा डी२, वजीर ई७. एका स्पर्धेत मी इथपर्यंत बरोबर आले आणि ए३ खेळून उंटाला विचारलं, मारतोस की मागे जातोस. समोरच्या मुलाने उंट तसाच ठेवून जी४ च्या घोड्याने ई५ मारलं. मला वाटलं घाबरून विसरला, मी उंट घेतला आणि त्याने घोडा अलगद डी३ वर ठेवला. मात. आठव्या चालीला. ई२ चं प्यादं घोड्याला मारू शकत नव्हतं कारण ते हललं की ई७ चा वजीर थेट राजावर, आणि राजाभोवती सगळी घरं माझ्याच मोहऱ्यांनी भरलेली. त्या दिवशी मी किती तरी वेळ त्या पटाकडे बघत बसले होते, तेव्हापासून कोणी फुकट मोहरं दिलं की मी आधी माझ्या राजाभोवतीची घरं मोजते. बरोबर चाल होती घोड्याने ई५ ला मारून अदलाबदल करायची, मग ई३, आणि पांढऱ्याचं छान चाललेलं असतं.

माझ्या कसोटीला पूर्ण उतरतो तो एकच, बेंको. तो काळ्याचा आहे: १. डी४ घोडा एफ६ २. सी४ सी५ ३. डी५ बी५, मग बी५ मारलं की ए६. पांढऱ्याने सगळं घेतलं तर काळ्याला ए आणि बी दोन्ही फाइल मिळतात, जी७ ला उंट बसतो आणि त्याची नजर थेट बी२ वर. यात कुठलाही सापळा नाही, मात नाही, आणि वजीर पटावरून गेले तरी दाब कमी होत नाही, उलट एंडगेममध्ये (मोहरी कमी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) पांढऱ्याची ए२-बी२ ची प्यादी दोन हत्तींखाली अडकून बसतात. म्हणून तुम्हाला सांगेन, पांढऱ्याने क्वीन्स गॅम्बिट धरा आणि काळ्याने बेंको घ्या. एवढंच लक्षात ठेवा की पांढरा प्रत्येक वेळी तुम्हाला हवं ते देणार नाही, बरेच जण ए६ वर मारतच नाहीत, बी६ ढकलून प्यादं परत देतात आणि फाइल बंद ठेवतात, तर त्या लाइनची तयारीही पहिल्या आठवड्यातच करा.