बेसमेंटमध्ये रेडॉन, आणि विकणारा म्हणतो ‘कायदाच नाही’

प्रश्न: न्यू जर्सीत हंटरडन काउंटीमध्ये 1978 साली बांधलेलं घर घेतोय, करार झालाय. इन्स्पेक्शनमध्ये बेसमेंटचं रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) लिटरभर हवेमागे 7.2 पिकोक्युरी निघालं. घरमालक म्हणतो, दुरुस्तीची सक्ती करणारा कायदा नाही. शेजारी म्हणतात, त्याने पूर्वीही टेस्ट केली होती. आम्ही काय करावं?

उत्तर: घरमालक खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1988 मध्ये रेडॉनविषयी कायदा केला. घरातली हवा बाहेरच्या हवेइतकी रेडॉनमुक्त असावी, हे त्यातलं ध्येय. खासगी घराच्या मालकावर बंधन मात्र नाही. रेडॉन 4 पिकोक्युरी किंवा अधिक असल्यास दुरुस्ती करा, हा केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा (ईपीए) आकडाही सल्लाच आहे. नव्या घरांत रेडॉनरोधक बांधकाम करण्याचा नियम तुमच्या जुन्या घराला लागत नाही.

पण न्यू जर्सीत घर विकताना, करार करतेवेळीच, आधीच्या टेस्टचा रिपोर्ट आणि त्यानंतर रेडॉन कमी करण्याचं काही काम केलं असल्यास त्याचा पुरावा खरेदीदाराला देणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. हे रिपोर्ट एरवी गोपनीय असतात, त्यामुळे राज्याच्या खात्यात चौकशी करून हाती काही लागणार नाही. तुमच्या वकिलामार्फत घरमालकालाच लेखी विचारा. ‘टेस्ट झालीच नव्हती’ असं उत्तर आलं, तर तेही लेखीच घ्या. लपवाछपवी उघड झाली तर फसवणुकीचा दावा करता येईल; मात्र तो वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो, म्हणून माझा भर करारावर आहे.

तुम्ही पाठवलेल्या करारात रेडॉन 4 किंवा अधिक आल्यास रिपोर्ट मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं, आणि घरमालकाने काम नाकारलं तर करार रद्द करता येईल, असं कलम आहे. घर ‘आहे तसं’ विकतोय, हे करारातले शब्द त्या कलमावर मात करत नाहीत. एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. नोटीस आजच जाऊ द्या.

मागायचं काय? मी तरी त्याच्याकडून काम करून घेण्याऐवजी क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घर नावावर होताना, किमतीतून तेवढे पैसे वळते करून (क्रेडिट) मागेन. निघून जाणारा माणूस स्वस्तातला कंत्राटदार आणतो. फरशीखालची हवा पाइप-पंख्याने छपरावर सोडण्याचं हे काम साधारण दीड-दोन हजार डॉलरमध्ये होतं. कंत्राटदार राज्याचं प्रमाणपत्र असलेलाच नेमा आणि काम झाल्यावर पुन्हा टेस्ट करा. क्रेडिटची रक्कम तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेला चालते का, हे मात्र आजच, नोटीस पाठवण्याआधी विचारून घ्या.