वाचकांचे प्रश्न : गेमिंग संगणकासाठी मदरबोर्ड कसा निवडावा?

प्रश्न : मुलाने यंदा अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे. अभ्यासाबरोबर गेमही खेळता यावेत असा संगणक जोडून घेण्यासाठी आम्ही रायझेन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०६० हे ग्राफिक्स कार्ड ठरवले आहे. मदरबोर्डबाबत मात्र एक दुकानदार ए ६२० पुरेसा असल्याचे सांगतो, तर दुसरा एक्स ८७० घेतल्याशिवाय गेमिंगला अर्थ नाही असे म्हणतो. किमतीत मोठी तफावत आहे. कोणाचे ऐकावे?
— एक पालक, सांगली

उत्तर : दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये, असे आमचे मत आहे. गेम किती सहजतेने चालेल हे मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर आणि त्याखालोखाल प्रोसेसरवर ठरते. तोच प्रोसेसर, तेच कार्ड आणि तीच रॅम स्वस्त बोर्डावरून काढून महागड्या बोर्डावर बसवली, तर पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. अट एवढीच की, स्वस्त बोर्डाने प्रोसेसरला लागणारी वीज न अडखळता पुरवली पाहिजे. बोर्डाची पारख करायची ती या अटीवरच, आणि जाहिरातीत नेमकी हीच बाब सर्वांत कमी दिसते.

एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, पण प्रोसेसर चालतो साधारण एक-सव्वा व्होल्टवर. हा दाब उतरवण्याचे काम सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या, कडेला असलेले व्हीआरएम करते. दाब इतका कमी असल्याने प्रवाह फार मोठा होतो : आपला रायझेन ५ ७६०० पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत वीज घेतो, म्हणजे सॉकेटमधून ७०-८० अँपिअर प्रवाह जातो. व्हीआरएमचे घटक कमी क्षमतेचे असतील आणि त्यांच्यावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नसेल, तर ते तापतात, आणि ठरावीक तापमानानंतर प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवला जातो. गेम सुरू केल्यावर पहिली वीस मिनिटे सर्व सुरळीत आणि मग अडखळणे, अशी तक्रार असेल, तर इतर कारणांबरोबर हेही तपासावे. विदर्भात मे महिन्यात खोलीतच चाळीस अंशांच्या आसपास तापमान असते. तेथे हीटसिंकचे महत्त्व आणखी वाढते.

आता आपल्यापुढील पर्यायांविषयी. ए ६२०, एक्स ८७० ही चिपसेटची, म्हणजे बोर्डावरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपची, नावे आहेत. ए ६२० वर आपला प्रोसेसर निश्चितच चालेल. मात्र या वर्गातील काही बोर्ड जेमतेम ६५ वॅट वर्गाच्या प्रोसेसरपुरतेच बनवलेले असतात, आणि या चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंगही (ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवणे) करता येत नाही. आपला प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएम ५ या सॉकेटला २०२७ पर्यंत तरी पाठबळ देण्याचे रायझेन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर अधिक ताकदीचा प्रोसेसर बसवण्याची सोय आपल्याला मिळते. ती सोय चार पैसे वाचवण्यासाठी आजच गमावणे आम्हाला पटत नाही. उलट, एक्स ८७० मध्ये ज्याचे पैसे मोजायचे ते यूएसबी ४ आणि ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस ५ (कार्ड आणि बोर्ड यांच्यातील जोडणीची पाचवी आवृत्ती) यांचे. आपले कार्ड या जोडणीतील आठच लेन (माहिती वाहणाऱ्या मार्गिका) वापरते आणि पीसीआय एक्सप्रेस ४ वरही त्याची कामगिरी जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या संगणकात हा खर्च वाया जातो.

आमची शिफारस बी ६५० किंवा बी ८५० चिपसेटच्या, मायक्रो-एटीएक्स आकाराच्या मध्यम किमतीच्या बोर्डाची आहे. व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंवर हीटसिंक, रॅमसाठी चार खाचा, एसएसडीसाठी दोन एम.२ जागा आणि मागील बाजूस बायोस फ्लॅशबॅकचे बटण, एवढे पाहून घ्यावे. हे बटण लहानसे दिसते, पण पेन ड्राइव्हच्या साहाय्याने प्रोसेसर न बसवताही बायोस, म्हणजे बोर्डातील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करता येणे फार मोलाचे आहे. रायझेन ९००० मालिका २०२४ मध्ये आली, तेव्हा दुकानांत आधीपासून पडून असलेले बोर्ड नवे बायोस घातल्याशिवाय ते प्रोसेसर ओळखत नव्हते. पुढे आपण प्रोसेसर बदलाल, तेव्हा असा प्रसंग आपल्यावरही येऊ शकतो.

रंगीत दिवे, २.५ गिगाबिटचे लॅन आणि बोर्डावरचे वायफाय यांपैकी केवळ वायफायचा विचार करावा, तोही राउटरची वायर संगणकापर्यंत आणता येत नसेल तरच. उरलेली रक्कम ३२ जीबी रॅमकडे वळवावी. ती १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी आणि सॉकेटपासून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवावी. चार पट्ट्या लावल्यास डीडीआर ५ रॅमचा वेग बहुधा खाली आणावा लागतो. बायोसमध्ये एक्स्पो हा पर्याय सुरू केल्याशिवाय रॅम तिच्या छापील वेगाने चालत नाही, हे दुकानातच करून घ्यावे. पहिल्यांदा संगणक सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहिला, तर घाबरून वीज बंद करू नये. त्या वेळात बोर्ड रॅमची जुळवणी करीत असतो.

प्रश्न : माझ्याकडे बी ४५० मदरबोर्ड, रायझेन ५ २६०० आणि डीडीआर ४ रॅम आहे. नवे गेम अडखळतात. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि नवी रॅम असा सगळाच खर्च करावा लागेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आणि आपण तो लगेच करू नये असे आम्ही आग्रहाने सांगू. आपल्या बोर्डावरील एएम ४ सॉकेटची खरी श्रीमंती आपल्यासारख्यांसाठीच आहे. बायोस अद्ययावत केल्यावर बी ४५० च्या बहुतेक बोर्डांवर रायझेन ५ ५६०० चालतो आणि रॅम तीच वापरता येते. आपल्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलचे पान निर्मात्याच्या संकेतस्थळावर उघडून प्रोसेसरची यादी तपासावी. मॉडेलच्या नावामागे आवृत्तीचा आकडा असल्यास तोही जुळवावा.

बायोस बदलण्याचे काम जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करावे आणि संगणक यूपीएसवर असावा. मध्येच वीज गेल्यास बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि आपल्याकडे भारनियमनाचा किंवा पावसाळी खंडिततेचा भरवसा देता येत नाही.

ग्राफिक्स कार्ड घेताना मात्र एक पथ्य पाळावे. बी ४५० वर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी आवृत्ती आहे. ज्या कार्डांना सोळा लेन असतात त्यांचे यात फारसे अडत नाही, आठ लेनच्या कार्डांचे थोडे नुकसान होते, पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखे केवळ चार लेनचे कार्ड या बोर्डावर लावले, तर त्याची कामगिरी बरीच घसरते. स्वस्त मिळते म्हणून ते घेऊ नये.

प्रश्न : विंडोज ११ घातल्यापासून व्हॅलोरंट हा गेम सुरू होत नाही. टीपीएम आणि सिक्युअर बूट नसल्याचा संदेश येतो. मदरबोर्ड बदलावा लागेल, असे मित्र सांगतात.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बहुधा बदलावा लागणार नाही. टीपीएम आणि सिक्युअर बूट या संगणकाच्या सुरक्षेच्या सोयी आहेत. गेल्या काही वर्षांतील बोर्डांवर त्या असतात, पण बायोसमध्ये अनेकदा बंद ठेवलेल्या असतात. टीपीएमसाठी एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम, तर इंटेलच्या बोर्डावर पीटीटी या नावाचा पर्याय शोधून तो सुरू करावा. सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करू देणारा बायोसमधील पर्याय) बंद करावे लागते आणि विंडोजची डिस्क जीपीटी या नव्या मांडणीच्या पद्धतीची असावी लागते. ती जुन्या एमबीआर पद्धतीची असताना सीएसएम बंद केल्यास विंडोज सुरूच होणार नाही. म्हणून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी, विंडोजमधील एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदलावी आणि मगच बायोसला हात लावावा. डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून घेतल्याविना यातले काहीही करू नये.

प्रश्न : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड घेणार आहे. दुकानात काय तपासून घ्यावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खोक्यावरचा, बोर्डावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, हे सर्वप्रथम पाहावे. बिल जीएसटीसह पक्के असावे. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण भारतातील अधिकृत वितरकाची वॉरंटी त्याला अनेकदा लागू होत नाही. बोर्ड ही वस्तू अशी आहे की तिथे वॉरंटी सोडून सवलत घेऊ नये.

त्यानंतर सॉकेट उघडायला सांगावे. एएम ५ आणि इंटेल, दोन्हींमध्ये आता बारीक पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. एएम ५ मध्ये त्या १७१८ आहेत. त्यांतील एक जरी वाकलेली असेल, तर रॅमची एखादी खाच बंद पडू शकते किंवा संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि वाकलेली पिन हे ग्राहकाने केलेले नुकसान मानून वॉरंटी नाकारली जाते. म्हणून प्रोसेसर बसवण्यापूर्वी दुकानदारासमोरच मोबाइलचा दिवा तिरपा धरून पिनांच्या रांगा पाहाव्यात आणि स्पष्ट छायाचित्र काढावे. सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण फेकू न देता खोक्यात ठेवावे, कारण बोर्ड दुरुस्तीला देताना सेवा केंद्रात ते मागतात.

संगणक दुकानातच जोडून घेणार असाल, तर मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावलेली आहे याची घरी आल्यावर खात्री करावी. अनेक प्रोसेसरांत स्वतःचे साधे ग्राफिक्स असल्याने ही वायर बोर्डाला लावली तरी चित्र दिसते, आणि महागडे कार्ड जवळपास रिकामे बसून राहते.