फ्लॅटमध्ये ड्रम कुठला?

प्रश्न : फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरीच गाणी रेकॉर्ड करायची आहेत. ड्रम इलेक्ट्रॉनिक घेऊ की साधा? – एक वाचक

उत्तर : इलेक्ट्रॉनिकच घ्या, आणि जाळीच्या पॅडचा, रबरी पॅडपेक्षा आवाज कमी. यूएसबीने कॉम्प्युटरवर मिडी, म्हणजे आवाज नव्हे तर वाजवण्याची नोंद, रेकॉर्ड करा. त्यात प्रत्येक ठोक्याची वेळ आणि १ ते १२७ मधला जोर नोंदला जातो, म्हणून स्नेअरचा (समोरच्या खणखणीत छोट्या ड्रमचा) आवाज नंतरही बदलता येतो. साध्या ड्रमला तीन-चार माइक आणि न घुमणारी खोली हवी. आपल्या टाइल्सच्या हॉलमध्ये झांजा सगळं गिळतात. हेडफोन लावलात तरी किकचा (पायाने वाजवायच्या ड्रमचा) धक्का स्लॅबमधून खालच्या घरात जातोच. पेडलखाली जाड रबरी मॅट घालाच. काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवायचं असेल तर मात्र मला खराच ड्रम हवा. तेवढ्या गाण्यांपुरता पणजीत एखादा स्टुडिओ तासावर घ्या.