आधी काय केले ते सांग

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मालिकेतल्या त्या नवऱ्याविरुद्ध तू दोन शब्द बोललीस म्हणून मैत्रिणी तुझ्यावर तुटून पडल्या, आणि त्यांच्यातल्या एकीने ‘ज्याचा त्याचा अर्थ असतो, तू कोण ठरवणार?’ असे विचारल्यावर तू गप्प झालीस, हे वाचून मला वाईट वाटले आणि रागही आला. राग त्या मुलींचा नाही. आमच्या नाटकाच्या तालमींना इतके दिवस येऊन बसणाऱ्या मुलीला या प्रश्नाचे उत्तर सुचू नये, याचा आला.

तू म्हणतेस तो भाग मी मुद्दाम मोबाईलवर पाहिला. बायकोच्या नोकरीचे नेमणूकपत्र टपालाने येते. नवरा ते उघडतो, वाचतो, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो, मूळच्याच घडीवर घडी घालतो आणि कपाटात आपल्या कपड्यांखाली सारून ठेवतो. मग देवघरापाशी येऊन उभा राहतो, पण हात जोडत नाही. पुढे ती आजारी पडते, तेव्हा हाच माणूस रात्रभर दवाखान्यात तिच्या उशाशी बसून असतो. घडले ते एवढे. तुझ्या मैत्रिणी म्हणतात, हे खरे प्रेम, पत्राचे सांगायला तो विसरला असेल. विसरणारा माणूस इतकी जपून घडी घालत नाही. आणि तू काय म्हणालीस? ‘टॉक्सिक’. एका शब्दात तूही मोकळी झालीस. मग त्याचे हात का जुळले नाहीत, हे कोणी सांगायचे? आपण काय करतो आहोत हे त्याला कळते आहे आणि कळूनही तो ते करतो आहे, हे दाखवण्यासाठीच दिग्दर्शकाने तिथे कॅमेरा थांबवला होता. त्यांच्या ‘प्रेमा’त ते मावत नाही आणि तुझ्या ‘टॉक्सिक’मध्येही मावत नाही. पात्राने काय केले ते आधी सांग, ते कसे आहे ते मग सांग. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा करणारा व्यापारीसुद्धा हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही.

हा क्रम उलटावा अशीच रोजच्या मालिकेची मांडणी असते, हेही लक्षात घे. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता कथेला बावीसेक मिनिटे उरतात; त्यांत कृती क्षणात उरकते आणि ती पाहून चकित झालेले घरातले चेहरे मात्र ढोलाच्या ठोक्यावर एकामागून एक दाखवले जातात. कथा, पटकथा आणि संवाद पुष्कळदा वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतात, टीआरपीचे आकडे दर आठवड्याला येतात आणि त्यांच्याकडे पाहून कथेला वळण दिले जाते. त्यामुळे कालचा कावेबाज आज अचानक पश्चात्तापाने रडू लागला, तर त्याचे कारण त्याच्या बालपणात शोधत बसू नकोस. ते वाहिनीच्या बैठकीत सापडण्याची शक्यता अधिक. त्यावर रील्सची भर. दवाखान्यातल्या रात्रीवर प्रेमगीत चढवून तीस सेकंदांचा तुकडा सगळीकडे फिरतो आणि नेमणूकपत्र त्यातून गळून जाते. तुझ्या मैत्रिणींनी मालिका पाहिलेली नाही, तो तुकडा पाहिला आहे.

आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे उदाहरण घे. सातारा जिल्ह्यात वाईचे हत्याकांड 2016 मध्ये उघडकीस आले आणि त्यावर बेतलेली ‘देवमाणूस’ ही मालिका 2020 मध्ये झी मराठीवर सुरू झाली. एक बोगस डॉक्टर गावात दवाखाना थाटून बसतो, गाव त्याला देव मानते आणि तो खून करत राहतो. त्या मालिकेचा सगळा डोलारा गावकऱ्यांच्या एका चुकीवर उभा आहे: माणूस काय करतो हे न पाहताच त्यांनी तो कसा आहे हे ठरवून टाकले. आणि पुष्कळ प्रेक्षकांनी काय केले? त्याच्या हसण्यावर, त्याच्या रुबाबावर भाळून तेच केले. गोष्ट ज्या चुकीबद्दल सांगत होती, तीच चूक ती पाहताना झाली. याच्या उलटही होते. निळू फुले राष्ट्र सेवा दलात घडलेले, सामाजिक कामात रमलेले गृहस्थ. पण पडद्यावरच्या पाटलाची कृत्ये त्यांच्या खात्यावर मांडून बायका त्यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. त्याला नटाला मिळालेली दाद म्हणायची पद्धत आहे. मला ती दाद वाटत नाही.

आता ‘ज्याचा त्याचा अर्थ’. नाटककार खाडिलकर आपल्या सांगलीचे. त्यांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. गोष्ट महाभारतातली, नाटकात इंग्रजांचे नावही नाही. तरी प्रेक्षकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ओळखला, आणि सरकारलाही तोच दिसला म्हणून 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. एकमेकांचे वैरी असलेल्या दोन्ही बाजूंनी एकच अर्थ काढला, कारण तो कीचकाच्या कृतीत आणि बोलण्यात बोट ठेवून दाखवता येत होता. न लिहिलेले वाचायला माझी ना नाही, हे नीट समजून घे. अर्थ खुशाल दहा असोत; प्रत्येकाने आपला अर्थ कोणत्या प्रसंगातून आला ते दाखवावे. दाखवता आला नाही, तर तो अर्थ नव्हे, ती आवड. आवडीला माझी हरकत नाही, तिला अर्थ म्हणायला आहे.

मला लोक हेकेखोर म्हणतात, ते तुझ्याही कानावर आले असेल. हरिपूरच्या देवलांचे ‘शारदा’ (1899) आम्ही बसवत होतो. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेल्या कांचनभटाचे काम माझ्या जिवलग मित्राकडे होते. त्याला त्या बापाला विनोदी, लोभस करायचे होते, कारण लोक हसत होते. भुजंगनाथाला हसा, मी म्हणालो, पण हा मुलगी विकतो आहे, ते आधी दिसू दे. तो तालीम सोडून गेला. पुढे तो वारला, तोपर्यंत आमचे बोलणे नव्हते. त्याच्यासारखा बोलका नट मला पुन्हा मिळाला नाही आणि त्याच्या घरचा चहाही सुटला, याची खंत आहे आणि राहील. पण आज तो समोर उभा राहिला, तरी मी तेच सांगेन. त्याच्या लोभस बापाला टाळ्या पडल्या असत्या, आणि शारदेचे दुःख कोणाला दिसलेच नसते. प्रेक्षागृहात तिच्या वयाच्या मुली बसलेल्या असतात. बापाने केलेला व्यवहार हशात विरून गेला, तर त्या घरी काय घेऊन जाणार होत्या?

म्हणून तुझ्या मैत्रिणींशी वाद घालू नकोस, त्यांना विचार: पत्र वाचल्यावर त्याने काय केले? त्या ‘तो चांगला आहे’ म्हणतील. पुन्हा विचार. पण तो प्रश्न तू आधी स्वतःला विचार, कारण मालिकेतल्या सासूच्या बाबतीत तूही तेच केले आहेस. तिला तू ‘विषारी’ म्हटले आहेस. सून मुलाखतीला निघाली त्या सकाळी सासू काय करते, याचा मात्र तुझ्या चार पानांत उल्लेखही नाही. रविवारी तालमीला येताना तेवढे लिहून आण.

कळावे.

तुझे सर