नाव नंतर शोध, आधी ओळ वाच

अगं,

मेसेज वाचला तुझा. अलंकार पाठ आहेत पण नवी कविता समोर आली की सगळं मिक्स होतं म्हणतेस, होणारच ना, आपण व्याख्या घोकतो आणि मग ओळीत "सारखा", "जणू" असले शब्द हुडकत बसतो, सापडला की मार्क मिळाले, कविता गेली तेल लावत.

त्यापेक्षा एक कर. दोन माणसांमधला अबोला घे आणि तोच फिरवून फिरवून लिही. "अबोला बर्फासारखा थंड होता" ही उपमा. चारही भाग आहेत बघ यात, अबोला उपमेय (ज्याची तुलना करतोय ते), बर्फ उपमान (ज्याच्याशी करतोय ते), थंडपणा हा दोघांतला साधारण धर्म आणि "सारखा" साम्यवाचक शब्द. "अबोला म्हणजे जणू बर्फच" म्हटलंस की उत्प्रेक्षा, म्हणजे हा तोच असावा अशी कल्पना. "हा अबोला नव्हेच, बर्फ आहे" म्हणालीस तर अपन्हुती, उपमेय चक्क नाकारलं. आणि "अबोल्याचा बर्फ वितळेना" हे रूपक. मला सगळ्यात आवडतं ते हेच, कारण दोघं एक झाले की बर्फाची सगळी क्रियापदं अबोल्याला फुकटात मिळतात, तो वितळतो, तडकतो, त्याच्यावरून पाय घसरतो, आणि दरवेळी मध्ये "सारखा" आणावा लागत नाही. तोच अबोला "दारात येऊन बसला, उठायचं नाव घेईना" असं लिहिलंस की मात्र चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव गोष्ट माणसासारखी वागायला लागली.

यमक, अनुप्रास कानाला आपोआप कळतात, त्यावर वेळ घालवू नकोस.

वृत्ताला, म्हणजे ओळीतल्या अक्षरांच्या ठरलेल्या चालीला, सगळे घाबरतात, उगाच. मनाचे श्लोक येतात ना तुला? "गणाधीश जो ईश सर्वा गुणांचा", हे हळू म्हण आणि बोटांवर मोज. 12 अक्षरं. आता तीन-तीनचे गट पाड: गणाधी, शजोई, शसर्वा, गुणांचा. प्रत्येक गटात पहिलं अक्षर लघु (ऱ्हस्व) आणि पुढची दोन गुरू (दीर्घ), अशा गटाला य गण म्हणतात, तो चार वेळा आला की ते भुजंगप्रयात वृत्त. "सर्वा" मधला स दिसायला ऱ्हस्व आहे पण पुढे जोडाक्षर असल्यामुळे त्याच्यावर आघात येतो म्हणून तो गुरू धरायचा, बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचं माप, लघुची एक, गुरूच्या दोन, म्हणजे ओळीला 20. अभंगात असला लघु-गुरूचा हिशोब नसतो, मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4 अशी अक्षरं मोजायची आणि यमक सहसा दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. मुक्तछंदात हे काहीच नाही पण लय असतेच हं, ओळ कुठे तोडलीय ते बघ, कवीने तिथेच का तोडली असेल? (कधीकधी उगाचच तोडलेली असते, तेही ओळखायला शीक.)

प्रतिमा आणि प्रतीक यातला गोंधळ पण विचारला होतास. बंद खिडकी डोळ्यांसमोर उभी राहिली तर ती प्रतिमा, तीच खिडकी कवितेत पुन्हा पुन्हा येऊन एकटेपणाबद्दल बोलायला लागली की प्रतीक. सीमारेषा पक्की नाहीये, वाद घालता येतो, परीक्षेत मात्र घालू नकोस.

आता आवडती एखादी कविता घे, त्यातलं एक रूपक मोडून त्याची साधी उपमा कर आणि काय गेलं ते मला लिहून पाठव. श्लेष, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, त्यानंतर बघू.